दहा मिनिटांचा तमगा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तिथे पदकाला कुणी पदक म्हणत नाही, ‘तमगा’ म्हणतात. हा शब्द मूळचा तुर्की-मंगोल टोळ्यांचा. मोकळ्या माळावर कुणाचा घोडा कोणता हे कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर डाग देत. त्या डागाचे नाव तमगा. पुढे तो बादशाही शिक्का झाला. मग व्यापाऱ्यांच्या मालावर वसूल होणाऱ्या करालाही तमगा म्हणू लागले. हा कर शरियतला धरून नाही म्हणून बाबराने १५२७ साली, खानव्याच्या लढाईच्या तोंडावर, मुसलमान प्रजेला तो माफ केला होता. शेवटी हाच शब्द शिपायाच्या छातीवरच्या बिल्ल्याला चिकटला. डाग, शिक्का, कर आणि शाबासकी, असा एका शब्दाचा प्रवास.

इतिहास शिकवताना पदकांचा भाग फार सोपा वाटतो. नाव, साल आणि पदक यांच्या जोड्या लावा, गुण घ्या. पण एखादे पदक हातात घेऊन ते कुणाच्या छातीवर लागले, त्यासाठी त्याने काय दिले आणि त्याला पुढे काय मिळाले, एवढे तीन प्रश्न विचारले की हा सोपा भाग अवघड होऊन बसतो. आम्ही इथे असे एकच पदक घेतले आहे. ते मिळवणारा मुलगा स्कॉटलंडचा, नाव जॉन हॅना. मुलगा अशासाठी म्हणतो की त्या रात्री त्याचे वय अठरा वर्षे आणि काही महिने होते. आमच्या शाळेतून बारावी होऊन बाहेर पडणारी पोरे याच वयाची असतात.

हॅनाचा जन्म २७ नोव्हेंबर १९२१ रोजी ग्लासगोजवळच्या पेझली गावी झाला. शिक्षण ग्लासगोच्या साध्या सरकारी शाळांत. शाळा सुटल्यावर जोड्यांच्या दुकानात विक्रेत्याचे काम. ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू व्हायला दोन-तीन आठवडे असताना, तो ब्रिटिश हवाई दलात, म्हणजे रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाला. त्याला वायरलेसचे शिक्षण मिळाले, सोबत मशीनगन चालवण्याचेही. मे १९४० मध्ये हवाई दलाने ठरवले की बॉम्बफेकी विमानातून उडणाऱ्या कुणाचाही हुद्दा सार्जंटच्या खाली नसावा. तोपर्यंत विमानाच्या शेपटाकडे बसून गोळ्या झाडणारी पोरे अगदी खालच्या हुद्द्याची असत आणि जमिनीवर आली की झाडू मारण्यापासूनची कामे त्यांच्याच वाट्याला येत. अशा रीतीने जोड्यांच्या दुकानातला मुलगा अठराव्या वर्षी सार्जंट हॅना झाला आणि ऑगस्ट १९४० मध्ये लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन येथे ८३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

या स्क्वाड्रनकडे हॅम्पडेन जातीची विमाने होती. दोन इंजिने, चार माणसे. विमानाचे पोट इतके अरुंद की रुंदीला जेमतेम तीन फूट. एकदा आपापल्या जागी बसले की माणसांना जागा बदलणे जवळपास अशक्य. वैमानिकाला गोळी लागली तर त्याला उचलून दुसऱ्याने बसायचे कसे, हा प्रश्न ते विमान बनवणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. उडणाऱ्यांनी त्याला ‘उडती सुटकेस’ असे नाव ठेवले होते. पुढे वैमानिक आणि दिशादर्शक, मागे वरच्या बाजूला वायरलेसवाला आणि त्याच्या खाली, विमानाच्या पोटाशी, दुसरा गनर. मागच्या दोघांच्या आणि पुढच्या दोघांच्या मध्ये बॉम्ब ठेवण्याची खोली.

१९४० च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडवर स्वारी करण्यासाठी जर्मनीने फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडच्या बंदरांत शेकडो पडाव आणून उभे केले होते. नद्या-कालव्यांतून माल वाहणारे सपाट बुडाचे हे पडाव. त्यांत सैन्य भरून खाडी ओलांडायची असा बेत होता. रोज रात्री ब्रिटिश विमाने या बंदरांवर जात. १५ सप्टेंबरची रात्र अशीच. त्या दिवशी इंग्लंडच्या आकाशात लढाऊ विमानांची जी मोठी झुंज झाली तिचा वर्धापनदिन तिथे अजून पाळला जातो. त्या रात्री काय झाले हे मात्र थोड्यांना माहीत असते.

हॅनाच्या विमानाचे लक्ष्य होते बेल्जियमचे अँटवर्प बंदर. वैमानिक पायलट ऑफिसर कॉनर, मूळचे कॅनडाचे. दिशादर्शक सार्जंट हेहर्स्ट. खालचा गनर सार्जंट जेम्स. पहिल्या फेरीत नेम नीट जुळला नाही म्हणून कॉनरने विमान वळवून पुन्हा आणले. दुसऱ्या फेरीत बॉम्ब सुटले, आणि जमिनीवरच्या तोफांचा गोळा थेट बॉम्बच्या खोलीत येऊन फुटला. पंखांतल्या पेट्रोलच्या टाक्यांना भोके पडली. आग पेटली ती मागच्या दोघांच्या भोवतीच. विमानाला पडलेल्या भगदाडांतून वारा आत घुसत होता, लोहाराचा भाता लावावा तसा. हॅनाच्या पायाखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा वितळून वाहून गेला आणि खाली आडव्या पट्ट्यांचा सांगाडा तेवढा उरला. त्यातून खाली दिसत होते ते अँटवर्पचे आकाश.

खालचा गनर जेम्स याच्या जागेत आग शिरली होती. तो पॅराशूट घेऊन बाहेर पडला. पुढून हेहर्स्टही उतरला. अशा वेळी विमान सोडणे हा नियमच होता, त्यात भेकडपणा काही नाही. हॅनालाही उडी मारता आली असती, वाट मोकळी होती. पण वैमानिक अजून विमान चालवत होता. हॅनाने आग लागल्याचे त्याला यंत्रावरून कळवले, आगीतून वाट काढत दोन अग्निशामक नळकांडी मिळवली आणि विझवायला लागला. नळकांडी संपली. मग हातात वायरलेसच्या नोंदीची वही होती तिने ज्वाळांवर झोडपत राहिला. वही गेली तेव्हा हात. भोवती मशीनगनच्या हजारो गोळ्या आगीच्या तापाने आपोआप फुटून सगळ्या दिशांना उडत होत्या. धुराने दम कोंडला तेव्हा त्याने ऑक्सिजनची नळी उघडून श्वास घेतला. दहा मिनिटे हे चालले. आग विझली.

मग तो रांगत पुढे गेला. दिशादर्शकाची जागा रिकामी होती. त्याची वही आणि नकाशे उचलून त्याने कॉनरच्या हाती दिले. तोंड भाजलेला, डोळे सुजून मिटत आलेला हा मुलगा आणि तो वैमानिक, असे दोघे उत्तर समुद्र ओलांडून स्कॅम्प्टनला परत आले. सकाळी लोकांनी विमान पाहिले तेव्हा त्याच्या पोटाला माणूस रांगत बाहेर येईल एवढे भोक होते. त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. काळवंडलेला सांगाडा आहे, आणि तो उडाला कसा हा प्रश्न बघणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

१ ऑक्टोबर १९४० रोजी लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये सार्जंट जॉन हॅना याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यात शौर्याचे याहून वरचे पदक नाही. १८५६ साली व्हिक्टोरिया राणीने ते सुरू केले. धातू साधे कांसे, फीत गडद लाल. सगळ्या दुसऱ्या महायुद्धात हा क्रॉस दोनशेहून कमी वेळा दिला गेला. हवाई युद्धातल्या कामगिरीसाठी तो मिळवणाऱ्यांत हॅना वयाने सगळ्यांत लहान. त्याच महिन्यात बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्जने तो त्याच्या छातीवर लावला.

इथपर्यंत गोष्ट पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. आता त्या विमानातल्या चौघांकडे पाहू.

वैमानिक कॉनर यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. दिशादर्शक हेहर्स्ट याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल. एकाला क्रॉस आणि दुसऱ्याला मेडल, हा फरक शौर्याचा नाही, हुद्द्याचा आहे. ही दोन्ही पदके ३ जून १९१८ रोजी एकाच दिवशी सुरू झाली. काम तेच, शत्रूविरुद्ध उड्डाणात दाखवलेले धैर्य. पण क्रॉस ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसर यांना, मेडल त्यांच्या खालच्यांना. दोन्ही फितींवर जांभळे-पांढरे तिरपे पट्टे, फक्त ऑफिसरचे पट्टे जरा रुंद आणि सार्जंटचे बारीक. लांबून पाहणाऱ्यालाही माणूस कोणत्या पंगतीतला हे कळावे, अशी सोय. दुसऱ्या महायुद्धात क्रॉस वीस हजारांहून जास्त वाटले गेले आणि मेडले साडेसहा हजारांच्या आसपास. बॉम्बफेकी विमानांतून उडणाऱ्यांत सार्जंटांची संख्या काही कमी नव्हती. एकाच विमानात, एकाच तोफेच्या माऱ्यात सात-सात माणसे बसत, आणि परत आल्यावर दोन प्रकारची पदके दोन प्रकारच्या भोजनगृहांत जात. ही भेदाची रीत ब्रिटिशांनी १९९३ मध्ये बंद केली. तेव्हा फ्लाइंग मेडल रद्द झाले आणि क्रॉस सगळ्यांना खुला झाला. युद्ध संपून तोवर अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

व्हिक्टोरिया क्रॉस मात्र पहिल्यापासून हुद्दा पाहत नव्हता, ही त्याची खरी थोरवी, हे आम्हाला मान्य केले पाहिजे. रंग मात्र पाहत होता. हिंदी फौजेतल्या देशी शिपायाला १९११ पर्यंत तो मिळूच शकत नव्हता. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्याच भूमीवर मशीनगन शेवटपर्यंत सोडली नाही म्हणून शिपाई खुदादाद खान याला मिळाला, तो हिंदी फौजेतल्या देशी शिपायाचा पहिला. हवाई दलाचेही तेच. ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ असल्यावाचून ऑफिसर होता येत नाही, हा नियम १९३९ च्या ऑक्टोबरात, युद्धाची गरज लागली तेव्हा दूर सारला गेला. त्यानंतरच शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांच्यासारखा मराठी आडनावाचा माणूस ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये दिशादर्शक म्हणून जाऊ शकला आणि फ्लाइंग क्रॉस मिळवू शकला.

परत त्या चौघांकडे येऊ. राहिला जेम्स. त्याला त्या रात्रीचे काही मिळाले नाही. तो आणि हेहर्स्ट पॅराशूटने खाली उतरले आणि जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाले. विमानात सगळ्यांत आधी आग आली ती त्याच्या पायाशी. दोन-चार फुटांच्या अंतराने दोन माणसे होती, एकाचे नाव इतिहासात गेले आणि दुसऱ्याचे कैद्यांच्या यादीत. वर्गात मुले विचारतात, ‘सर, मग दुसरा डरपोक होता का?’ नाही. जिथे जमीनच जळून गेली तिथे कुणी उभे राहावे अशी अपेक्षा करणारे बहुधा खुर्चीत बसलेले असतात. कॉनर यांना तर क्रॉस मिरवायला दीड महिनाही मिळाला नाही. नोव्हेंबर १९४० च्या सुरुवातीला दुसऱ्या एका मोहिमेत ते मरण पावले.

पदकासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे साक्षीदार. आपल्याकडे ‘शहीद’ आणि ‘शाहिद’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत, साक्ष देणे हा त्याचा अर्थ. शहीद झालेल्याची साक्ष कुणी द्यायची, हा बॉम्बर कमांडचा नेहमीचा पेच होता. जून १९४४ मध्ये कॅनडाचा गनर अँड्र्यू मिनार्स्की पेटलेल्या लँकेस्टर विमानात, अडकलेल्या साथीदाराला सोडवायला आगीतून गेला. सोडवता आले नाही. स्वतः पेटलेल्या कपड्यांनिशी उडी मारली आणि मेला. अडकलेला साथीदार मात्र विमान कोसळूनही आश्चर्यकारक रीतीने वाचला. त्याने परत येऊन सांगितले तेव्हा, १९४६ च्या ऑक्टोबरात, मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो साथीदार मेला असता तर हे कुणाला कळले असते? बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. त्यांतली किती विमाने सगळ्या माणसांसकट समुद्रात गेली. त्या विमानांत शेवटच्या दहा मिनिटांत कोण काय करत होते, याचे गॅझेट निघालेले नाही. शिवाय त्या काळच्या नियमाने फ्लाइंग क्रॉस किंवा फ्लाइंग मेडल मेलेल्या माणसाला देताच येत नसे. मेलेल्यासाठी एक तर व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यात नुसता नामोल्लेख. मधले काही नाही.

हॅनाची साक्ष द्यायला कॉनर जिवंत परतले होते, आणि त्याहून मोठा साक्षीदार म्हणजे ते जळके विमान.

आता तिसरा प्रश्न, पुढे काय मिळाले. आम्हाला या साऱ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यांत जास्त टोचतो.

इस्पितळातून बरा होऊन आल्यावर हॅना पुन्हा बॉम्बफेकीला गेला नाही. त्याला वायरलेस शिकवण्याचे काम दिले. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून आले होते, देशभर नाव झाले होते. १९४१ मध्ये लग्न झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला क्षय झाला. भाजण्याने शरीर खचले होते, त्यात रोगाने घर केले. डिसेंबर १९४२ मध्ये हवाई दलाने त्याला अपंग म्हणून पूर्ण पेन्शनवर मोकळे केले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

पेन्शनमध्ये घर चालेना. तीन मुली झाल्या. आत्याची-मावशीची कुणाची तरी मोटार उसनी घेऊन व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी टॅक्सी चालवू लागला. हे काम हलके आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आमच्या शाळेतल्या किती मुलांचे वडील रिक्षा-टॅक्सीवर घर चालवतात. पण फुप्फुसे पोखरलेल्या माणसाने गाडी ओढावी तरी किती दिवस? १९४३ मध्ये तेही सुटले.

आणि क्रॉसबरोबर काय येत होते? १८५६ सालच्या नियमाप्रमाणे ऑफिसर नसलेल्या मानकऱ्याला वर्षाला दहा पौंड. हिशोब करून पाहा. त्या काळी रुपयाचा भाव दीड शिलिंग. दहा पौंडांचे होतात १३३ रुपये ५ आणे ४ पै. महिन्याला सुमारे अकरा रुपये. १८५६ मध्ये, गाडीघोड्यांच्या काळात, ही रक्कम ठरली आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी बॉम्बफेकी विमानांच्या काळात ती तेवढीच होती. सर्वांसाठी शंभर पौंड झाले ते १९५९ साली. त्याचा हॅनाला काही उपयोग नव्हता.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये देशी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली होती. तिच्या तिसऱ्या वर्गाला पगाराचा तिसरा हिस्सा जादा, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. कंपनी व्यापाऱ्यांची होती, शिपाई कशासाठी लढतो हे तिला पक्के ठाऊक होते. तिने इज्जत आणि भाकरी एकाच कागदावर लिहिली. राणीच्या सरकारने इज्जत खूप मोठी केली आणि भाकरी तेवढीच ठेवली. आमच्या कोकणातल्या जुन्या घरांत पहिल्या महायुद्धाची चांदीची पदके पेटीच्या तळाशी असत. अडीनडीला ती सोनाराकडे वजनावर गेली. कुणी हळहळले तर म्हातारी माणसे म्हणत, ‘अरे बाबा, चांदी होती म्हणून निदान विकली तरी गेली.’ व्हिक्टोरिया क्रॉस कांशाचा असतो.

क्षयरोग म्हणजे त्या काळी काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मिरजेच्या सॅनेटोरियमचे नाव घेतले की घरातली बायामाणसे पदर तोंडाला लावत, अशी ती भीती. इंग्लंडमध्येही उपाय तोच, हवा, विश्रांती आणि वाट पाहणे. क्षयावरचे पहिले खरे औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले होते, पण १९४७ साली ब्रिटनमध्ये ते इतके थोडे होते की जेमतेम शंभरावर रोग्यांवर चाचणी चालू होती. हॅनाला लेस्टरशायरमधील मार्कफील्ड सॅनेटोरियममध्ये ठेवले होते. ७ जून १९४७ रोजी तो तिथे मरण पावला. वय पंचवीस. त्यानंतर तेरा महिन्यांनी, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनमध्ये सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

दहा मिनिटे आग विझवली, आणि ती पुरती विझायला पावणेसात वर्षे लागली. गॅझेट दहा मिनिटांचे असते. या पावणेसात वर्षांची नोंद सॅनेटोरियमच्या रजिस्टरात असते आणि घरच्या बाईच्या उधारीच्या वहीत. आम्ही मुलांना जोड्या लावायला देतो तेव्हा ही दुसरी वही कुठल्याच रकान्यात बसत नाही.

याच स्कॅम्प्टनच्या तळावरून, याच हॅम्पडेन विमानातून, महिनाभर आधी, १२ ऑगस्ट १९४० रोजी, लिरॉइड नावाच्या ऑफिसरने जर्मनीतल्या एका कालव्यावर अतिशय खाली येऊन बॉम्ब टाकले आणि मोडके विमान परत आणले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो १९९६ पर्यंत जगला. हॅम्पडेनवरच्या माणसांना मिळालेले क्रॉस हे दोनच. नशिबाचा भाग यात आहेच, लिरॉइडच्या शौर्यात आम्ही काही उणे काढत नाही. तरी एक क्रॉस पंचावन्न वर्षे छातीवर राहिला आणि दुसरा सात वर्षेही नाही.

काही वाचक म्हणतील, बॉम्ब टाकणाऱ्यांचे कौतुक आपण कशाला करायचे? प्रश्न रास्त आहे. स्कॅम्प्टन ज्या गटात होते त्याचे प्रमुख तेव्हा आर्थर हॅरिस होते. हेच हॅरिस फेब्रुवारी १९४२ पासून बॉम्बर कमांडचे सर्वोच्च अधिकारी झाले आणि जर्मन शहरे रात्रीच्या रात्री जाळण्याचे धोरण त्यांनी हट्टाने राबवले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे चाळीस हजार माणसे मेली, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनला पंचवीस हजारांपर्यंत. त्यांत बायका, मुले, म्हातारी माणसे होती. वरून पडणारा बॉम्ब खाली कोण आहे हे विचारत नाही, हे आपल्या काळातही बगदादपासून गाझापर्यंत सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच युद्धानंतर ब्रिटनलाही आपल्या या पोरांचे काय करावे हे सुचेना. त्यांच्यासाठी वेगळे मोहीम-पदक निघालेच नाही. लंडनला स्मारक उभे राहिले ते २०१२ मध्ये, आणि फितीवर लावायची एक छोटी पट्टी मंजूर झाली २०१३ मध्ये. तोपर्यंत वाचलेल्यांपैकी बरेच जण गेले होते.

पण हॅनाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याचे पदक बॉम्ब टाकल्याचे नाही. बॉम्ब आधीच पडले होते, आणि ते पडले होते स्वारीसाठी जमवलेल्या पडावांच्या बंदरावर. पदक मिळाले ते त्यानंतर. आग विझवल्याबद्दल. साथीदाराला एकटे टाकून न गेल्याबद्दल. बॉम्बफेकी विमानातल्या ज्या दोन मुलांच्या हकिकती आम्ही इथे सांगितल्या, हॅनाची आणि मिनार्स्कीची, त्या दोघांनीही ते क्रॉस कुणाला मारून मिळवलेले नाहीत. ज्या यंत्राचे कामच आग लावणे, त्या यंत्राच्या पोटात बसून त्यांनी जळणाऱ्या माणसासाठी हात जाळले. युद्ध कुणाचे होते आणि कशासाठी होते याचा निवाडा आपण वेगळा करू. करायलाच हवा. त्या निवाड्यात या अठरा वर्षांच्या पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला आमचे मन घेत नाही. ज्यांनी नकाशावर शहरांना खुणा केल्या ते वेगळे, आणि त्यांचे तमगे रुंद पट्ट्यांचे होते.

हॅनाची कबर लेस्टरशायरमधल्या बर्स्टॉल गावच्या चर्चच्या आवारात आहे. त्याच्या पत्नीने तीन मुली वाढवल्या, आणि तो क्रॉस अडचणीच्या दिवसांतही जपून ठेवला. १९६७ च्या मे महिन्यात तिने तो स्कॅम्प्टनला जाऊन नवऱ्याच्या जुन्या स्क्वाड्रनच्या हवाली केला. ८३ नंबरचे स्क्वाड्रन १९६९ मध्ये मोडले. क्रॉस आता लंडनला, हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे.